नकली चांद्रमाती हाताळताय? पोतं उघडायच्या आधी हे वाचा

चांद्रयान-३ उतरल्यापासून रोव्हर बनवणाऱ्या कॉलेज टीम्स जिकडेतिकडे दिसायला लागल्यात, आणि प्रत्येक टीमला कधी ना कधी चाकं मातीत फिरवून बघायचीच असतात. मग कुणीतरी तयार सिम्युलंट म्हणजे विकत मिळणारी नकली चांद्रमाती मागवतं, बजेट नसेल तर क्रशरवरून बारीक डस्ट आणतं, खोलीच्या कोपऱ्यात पत्र्याचा ट्रे मांडून त्यात ओततात आणि वर फॅन चालू, तोंडाला फार तर रुमाल. कुणी हटकलंच तर म्हणतात, खरी चंद्राची थोडीच आहे, दगडाचा चुराच तर आहे. माझा सगळा आक्षेप ह्या वाक्यावर आहे. खरी चंद्राची माती तुमच्या हातात येणार नाहीये, येणार ती नकलीच, आणि काही बाबतीत नकली माती छातीला खऱ्यापेक्षा वाईट असू शकते, कारण तिच्यात क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकी सिलिका असू शकते जी चंद्रावर जवळपास नसतेच. म्हणून नव्याने ह्या कामात येणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय, म्हणजे पहिल्याच दिवशी ढग उडवून मोकळं व्हायला नको.

आधी खऱ्या मातीचं काय ते

चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कण घासून गुळगुळीत होत नाहीत. बारीक बारीक उल्का सतत आदळत राहतात, दगड फुटतो, थोडा वितळतो, वितळलेली काच बाकीच्या कणांना चिकटवून वेडेवाकडे टोकदार गोळे करते, आणि कणांच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म लोखंड बसलेलं असतं. वजनाने बघितलं तर साधारण पाचवा हिस्सा २० मायक्रॉनपेक्षा बारीक (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

अपोलोच्या लोकांना ह्याचा चांगलाच अनुभव आला. सूटवर बसलेली धूळ ब्रशने झटकून जाईना, केबिनमध्ये आली, हेल्मेटच्या काचांवर चरे पडले, नमुन्यांच्या डब्यांची सीलं नीट बसेनात. अपोलो १२ परत कक्षेत गेलं आणि वजनरहित अवस्था सुरू झाली तशी खाली बसलेली सगळी धूळ केबिनभर तरंगायला लागली. १९७२ मध्ये अपोलो १७ वर हॅरिसन श्मिट, जो स्वतः भूवैज्ञानिक होता, त्याने हेल्मेट काढल्यावर त्याचं नाक चोंदलं आणि त्याने ह्याला चक्क चंद्राचा हे फीव्हर म्हटलं, परागकणांच्या ॲलर्जीने सर्दी होते तिला हे फीव्हर म्हणतात. वास कसला तर बंदुकीची दारू उडवल्यावर येतो तसला, असं बऱ्याच जणांनी सांगितलंय.

पण आपल्यासाठी ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट श्मिटची नाही. अंतराळवीर पृथ्वीवर परतल्यावर त्यांचे सूट उघडून सामान काढणाऱ्या एका फ्लाइट सर्जनला, म्हणजे अंतराळवीरांच्या डॉक्टरला, त्रास व्हायला लागला, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तो वाढत गेला, रक्तात ॲलर्जीच्या पेशी वाढलेल्या दिसल्या. हा माणूस चंद्रावर गेलाच नव्हता, इथंच खोलीत उभा राहून पिशव्या उघडत होता. आपण लॅबमध्ये नेमकं हेच काम करतो.

नंतर नासाने अपोलो १४ च्या मातीवर रीतसर अभ्यास केला. उंदरांना रोज ६ तास, आठवड्याला ५ दिवस, ४ आठवडे वेगवेगळ्या प्रमाणात ती धूळ श्वासातून दिली. घनमीटरला ६.८ मिलिग्रॅमपर्यंत काही विशेष झालं नाही, २०.८ आणि त्याच्या वर फुप्फुसात सूज दिसायला लागली. ह्या सगळ्यावरून अंतराळवीरांसाठी मर्यादा ठरली ती घनमीटरला ०.३ मिलिग्रॅम, १० मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीसाठी, सहा महिन्यांपर्यंतच्या मोहिमेत अधूनमधून संपर्क येईल असं धरून. विषारीपणात ही धूळ टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा वाईट पण क्वार्ट्झपेक्षा बरी निघाली. हे वाक्य परत वाचा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे: क्वार्ट्झ चंद्राच्या मातीपेक्षा वाईट आहे.

२०२५ मध्ये सिडनीच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतून एक काम आलं, त्यात नव्या सिम्युलंटची अतिबारीक धूळ फुप्फुसाच्या पेशींवर टाकून बघितली, शेजारी सिडनीच्या वाहत्या रस्त्यावरची धूळ ठेवली, तर रस्त्यावरची धूळ जास्त घातक ठरली. लगेच काही लोकांनी ‘मग काळजी कशाला’ असा अर्थ काढला, जो मला अजिबात पटत नाही. एक तर ठरावीक सिम्युलंटचा तो निकाल आहे, तुमच्या ट्रेमधल्या क्रशर डस्टचा नाही. आणि त्याच्या आधी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात बारीक दळलेल्या सिम्युलंटने प्लेटमधल्या फुप्फुसाच्या आणि चेतापेशी मोठ्या प्रमाणात मारल्याचं दिसलं होतं. दोन्ही निकाल प्लेटमधल्या पेशींचे आहेत, माणसाच्या छातीचे नाहीत. दोन्हीतून घ्यायचं एवढंच की कुठली धूळ आणि किती बारीक, ह्याच्यावर सगळं आहे.

पहिलं काम: पोत्यात नेमकं काय आहे ते शोधा

‘सिम्युलंट’ नावाची एक अशी माती नसतेच. अमेरिकेची जेएससी-१ ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून केली, युरोपची ईएसी-१ए जर्मनीतल्या ज्वालामुखी दगडापासून, फ्लोरिडातून एलएचएस-१ आणि एलएमएस-१ येतात, एक चंद्राच्या उंच भागासारखी आणि एक काळ्या सपाट भागासारखी. आपल्या इस्रोने तामिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट, म्हणजे चंद्राच्या उंच भागात असतो तसला दगड, दळून स्वतःची माती केली, चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी, आणि तिचं पेटंटही २०२० मध्ये मिळालं. प्रत्येकीतली खनिजं वेगळी, बारीकपणा वेगळा, त्यामुळे धोकाही वेगळा.

विकत आणली असेल तर तिच्याबरोबर सेफ्टी डेटा शीट म्हणजे एसडीएस येतं. ते फाइलला लावायच्या आधी वाचा. दोनच गोष्टी शोधा, स्फटिकी सिलिका किती टक्के आणि १० मायक्रॉनच्या खालचा भाग किती. एसडीएस नसेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या, तो देत नसेल तर माती घेऊ नका, इतकं सरळ.

आता घरची माती करणाऱ्यांसाठी, कारण महाराष्ट्रात बहुतेक जण हेच करतात आणि त्यात चूक काहीच नाही, आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट चंद्राच्या काळ्या भागातल्या दगडाला बऱ्यापैकी जवळचा आहे, म्हणून तर लोणारचं विवर जगभरचे लोक अभ्यासतात, बेसॉल्टमध्ये उल्का पडून झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर दुर्मिळ आहे. (लोणारहून माती उचलून आणायची कल्पना मात्र डोक्यातून काढून टाका, ते अभयारण्य आहे.) साध्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ फारसं नसतं. पण आपल्या दगडाला पोकळ्या असतात आणि त्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात, गारगोटी, अकीक, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट असले प्रकार. वाघोली, नाशिक, जळगावचे सुंदर नमुने ज्या दगडातून निघतात तोच दगड क्रशरला जातो. गारगोटी आणि अकीक म्हणजे सरळ सरळ सिलिका. स्कोलेसाइटच्या तर सुयाच असतात, आणि सुईसारखा कुठलाही कण फुप्फुसात जाणं चांगलं नाही. त्यामुळे क्रशरवर जाऊन ढिगातून डस्ट भरून आणण्यापेक्षा पांढरे ठिपके नसलेली घट्ट काळी खडी निवडून घ्या आणि तीच दळा, आणि दळलेल्या मातीचं एक सॅम्पल एक्सआरडीला द्या, म्हणजे कुठली खनिजं आहेत ते एक्स-रेने ओळखायच्या चाचणीला. विद्यापीठाच्या जिऑलॉजी किंवा फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये विचारलं तर होऊन जातं, आणि एकदा केलं की त्या बॅचपुरता प्रश्न मिटतो.

आणि एक गोष्ट जी काहीही झालं तरी वापरायची नाही ती म्हणजे सिलिका सँड. कणकवलीकडच्या कासार्डेची पांढरी वाळू, फाउंड्रीत वापरतात ती, स्वस्त पडते आणि छान वाहते म्हणून टीम्स तिच्यात सिमेंट किंवा राख मिसळून माती करतात. ते जवळपास निव्वळ क्वार्ट्झ आहे. १९९७ पासून आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत कामाच्या ठिकाणची स्फटिकी सिलिकेची धूळ पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं. तिच्यात चाकं गरागरा फिरवून बारीक करत बसू नका.

मग हिशोब करा, किती धूळ म्हणजे जास्त

आपल्या जुन्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये श्वासात जाणाऱ्या धुळीसाठी एक सोपं सूत्र होतं, क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवायचे आणि १० ला त्या बेरजेने भागायचं, उत्तर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. १० टक्के क्वार्ट्झ असेल तर ०.८३. ९५ टक्के असेल तर ०.१. अमेरिकेत ह्याहून कडक आहे, श्वासात जाणारी स्फटिकी सिलिका आठ तासांच्या सरासरीने ०.०५ च्या वर नको.

आता पाच मीटर बाय चार मीटरची, तीन मीटर उंच खोली घ्या. हवा ६० घनमीटर. ०.०५ च्या हिशोबाने अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून ३ मिलिग्रॅम बारीक सिलिका तरंगली की मर्यादा गाठली. चिमूटभर मीठ साधारण ३०० मिलिग्रॅम असतं, त्याचा शंभरावा भाग.

आणि ही धूळ खाली बसायला किती वेळ घेते हेही बघा, ते लोकांना माहीतच नसतं. शांत हवेत १० मायक्रॉनचा बेसॉल्टचा कण दीड मीटरवरून खाली यायला तीन मिनिटं घेतो. १ मायक्रॉनचा कण चार-पाच तास. म्हणजे ढग दिसेनासा झाला, आता मास्क काढू, असं जेव्हा तुम्ही म्हणता तेव्हा फक्त जाडा, कमी धोक्याचा भाग खाली बसलेला असतो आणि जो खोल फुप्फुसात जाणार तो सगळा अजून तुमच्या नाकासमोर असतो.

खात्री करायची असेल तर खोली अंधारी करा, एक चांगला झोत पडणारा टॉर्च एका बाजूने लावा आणि झोताच्या समोरच्या बाजूला थोडं तिरकं उभं राहून बघा, थेट दिव्यात नाही. रिकाम्या वाटणाऱ्या हवेत चमचमणारे कण दिसतात. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे दाखवतो, ट्रेमध्ये एक चमचा माती एक फूट उंचीवरून टाकायची आणि टॉर्च लावायचा. त्यानंतर मास्कबद्दल परत सांगावं लागत नाही.

जागा

सीलिंग फॅन बंद, ही पहिली गोष्ट, मे महिन्यात सुद्धा. स्प्लिट एसी पण नको, तो तीच हवा फिरवत राहतो आणि आतल्या जाळीत माती साठवतो. ट्रेला झाकण हवं, ॲक्रिलिकचा डबा केलात तर उत्तम, रोव्हर आत सोडायला एक बाजूचं दार आणि एका कोपऱ्यातून हेपा फिल्टर (अतिबारीक कण अडवणारा) लावून हवा बाहेर ओढणारा छोटा ब्लोअर, म्हणजे डब्याच्या फटीतून हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. थोड्या ग्रॅमचं काम असेल, वजन करणं वगैरे, तर ग्लोव्ह बॉक्स किंवा केमिस्ट्रीवाल्यांचं फ्यूम हूड चालतं. बायोटेकवाल्यांचं आडवं लॅमिनार फ्लो मात्र चुकूनही नाही. दिसायला ते हूडसारखंच असतं पण त्याची हवा आतून तुमच्या तोंडावर येते, सॅम्पल स्वच्छ राहावं म्हणून, माणूस नाही.

अंगावर काय

रुमाल, स्टोल, सर्जिकल मास्क, तिन्ही ह्या कामाला बाद. एन९५ किंवा आयएस ९४७३ ह्या भारतीय मानकाचा एफएफपी२ मास्क हा कमीत कमी, दळण-चाळण असेल तर नाक-तोंड झाकणारा रबरी हाफ मास्क आणि त्याला पी१०० फिल्टर, जो जवळपास सगळी बारीक धूळ अडवतो. मास्क लावल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा, नाकाच्या बाजूने डोळ्यांवर हवा आली तर बसला नाही. दाढी असेल तर बसतच नाही, हे ऐकून मुलं नाराज होतात पण त्याला इलाज नाही. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे कधीही चांगले.

डोळ्यांना भोकं नसलेला गॉगल, साधा चष्मा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावून ह्या खोलीत यायचंच नाही. नायट्राइलचे ग्लोव्ह. आणि ॲप्रन त्या खोलीतच राहील, मेसमध्ये नाही, हॉस्टेलवर नाही, घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये तर नाहीच. अपोलोवाल्यांच्या केबिनमध्ये धूळ गेली ती सूटवरूनच गेली.

प्रत्यक्ष हाताळणी, आणि इथं सगळ्यात जास्त गडबड होते

पोतं कापताना वरचा कोपरा कात्रीने कापा, फाडू नका. ओतायचं ते डब्याच्या तळाशी स्कूप टेकवून, हळू. रिकामी पिशवी झटकायची नाही, दाबून हवा काढायची नाही (हे सगळे करतात, आणि ती हवा सरळ तोंडावर येते), तशीच अलगद गुंडाळून दुसऱ्या पिशवीत बंद.

दळणं हा सगळ्यात धोक्याचा टप्पा. बॉल मिल (गोळ्या फिरवून दगड दळायचं यंत्र) थांबल्यावर लगेच झाकण काढू नका, आतली हवा गरम असते, दाब असतो, धूळ तरंगत असते. थंड होऊ द्या, रात्रभर ठेवता आलं तर आणखी बरं. दुसरं कारण असं की नुकत्याच फुटलेल्या पृष्ठभागावर रासायनिक बंध उघडे असतात, ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल्स म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, आणि फुप्फुस आतून ओलंच असतं. चंद्राच्या मातीबद्दल शास्त्रज्ञांना जी खास काळजी वाटते ती हीच, तिथं हवा-ओलावा नसल्याने पृष्ठभाग तसाच ताजा राहतो. इथं हवेत तो हळूहळू शांत होतो. म्हणजे मिलमधून काढलेली ताजी माती ही तुमच्याकडची सगळ्यात चंद्रासारखी माती असते, नको त्या अर्थाने. चाळणीच्या शेकरला वर झाकण, खाली पॅन, आणि जोडांवरून रबराची रिंग किंवा टेप.

व्हॅक्यूम चेंबर, म्हणजे पंपाने हवा काढून घ्यायची पेटी, वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. मातीत ओलावा आणि हवा अडकलेली असते. पंप एकदम पूर्ण चालू केलात तर ती हवा कणांमधून जोरात बाहेर पडते आणि माती अक्षरशः उकळते, चेंबरभर उडते, भिंतीवर, सेन्सरवर, आणि पंपाच्या तेलात. आधी माती ११० अंशाला ओव्हनमध्ये सुकवा, पंपाच्या तोंडाला फिल्टर लावा, व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून सावकाश खाली जा. परत हवा भरतानाही तितकंच सावकाश, आणि भरल्यावर दार लगेच उघडू नका, वरचा पाच तासांचा हिशोब आठवा. पंपाचं तेल बदलताना ग्लोव्ह घाला, त्यात काय साठलंय ते तुम्हाला आता माहीत आहे.

साफसफाई

झाडू नाही. ब्लोअर नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही, कपडे झटकणं नाही. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर सगळ्यात फसवा, मोठा कचरा पोटात ठेवतो आणि बारीक तेवढी मागून खोलीभर सोडतो. हेपावाला व्हॅक्यूम असेल तर आधी तो, मग ओलं फडकं, फडकं बादलीत बुचकळून पिळून परत. बादलीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, गाळ पाइपात बसतो, बादली तशीच ठेवा, माती खाली बसली की वरचं पाणी काढा आणि गाळ पिशवीत बंद करून लेबल लावून ठेवा.

रोज साफ करणाऱ्या मावशी किंवा काकांना ह्या खोलीत झाडू मारायला सांगू नका. त्यांना मास्क कुणी देत नाही, मातीत काय आहे हे कुणी सांगत नाही, आणि तुम्ही चार वर्षांनी निघून जाता, त्या तिथंच असतात. खोली तुमची, साफसफाई तुमची.

काही झालंच तर

डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, कण टोकदार असतात, बुबुळावर ओरखडा पडतो. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, तरी टोचत राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घसा खवखवणं, शिंका, कोरडा खोकला एखाद दिवस राहिला तर घाबरायचं कारण नाही, पण तो ढग का उडाला ते शोधा. एकदा-दोनदा धूळ गेली म्हणून सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, होत नाही, तो सहसा दहा-वीस वर्षं धुळीत काम करणाऱ्यांना होतो. अगदी जोरदार संपर्क असेल तर मात्र काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांतही होतो, आणि झाला की बरा होत नाही, मंदसौरचे स्लेट पेन्सिलवाले आणि खंबातचे अकीक घासणारे कारागीर ह्यात गेलेत. त्यामुळे वर्षानुवर्षं हे काम करणारे लॅब असिस्टंट, पीएचडीवाले, सिम्युलंट विकायचा धंदा सुरू केलेले, ह्यांनी सुरुवातीलाच एक छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची चाचणी) करून ठेवा, पुढे तुलना करायला. दमा असेल तर दळण-चाळण दुसऱ्याला द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि खोकला दोन-तीन आठवडे गेलाच नाही तर डॉक्टरला आपणहून सांगा की मी दगडाच्या बारीक धुळीत काम करतो, एसडीएसची किंवा एक्सआरडीची प्रिंट बरोबर न्या. आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय टीबीचा येतो, जे बरोबरच आहे, पण सिलिकोसिसचे कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं टीबी समजून औषधं खात राहतात. उलट सिलिका छातीत साठलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यताही जास्त असते, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतं, आणि डॉक्टरला धुळीचं माहीत नसेल तर त्यातलं एक हमखास सुटतं. सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवायचा आजार आहे, पण तो कायदा कामगारांसाठी, कॉलेजच्या क्लबमध्ये तुमची नोंद ठेवणारं कुणी नाही. म्हणून एक वही करा, कुठली माती, कुठली बॅच, क्वार्ट्झ किती टक्के, कुणी किती तास दळली, मास्क कुठला होता, आणि पुढच्या वर्षीच्या टीमला चाव्यांबरोबर ती वहीसुद्धा द्या.